खोल्यांच्या आधी अंगण आखा

आवरलं का सगळं, की अजून हात पिठात आहेत? असू द्या. हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या.

आज मी अंगणाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही काय सांगायची गोष्ट? अंगण काय आखायचं असतं का, घर बांधून उरतं ते अंगण. अगदी बरोबर. आम्हीही असंच म्हणत होतो. म्हणून आधी आमच्या घरची गोष्ट सांगते.

आमच्या घरापुढे चांगलं ऐसपैस अंगण होतं. तुळशीवृंदावन, एका कडेला कांद्याची बराख, दुसऱ्या कडेला न्हाणी. मग आजूबाजूला कंपन्या आल्या. परगावची पोरं खोली शोधत दारोदार फिरू लागली. शेजारच्यांनी चार खोल्या काढल्या, मग आमच्याही घरात विषय निघाला. एका रविवारी गवंडी आला, त्याने दोरी धरली, आणि दोन ओळींत सहा खोल्या बसवल्या. मधे राहिली तीन फुटांची बोळ. नकाशा असा नव्हताच. आणि मला किंवा सासूबाईंना कुणी विचारलंही नाही. आम्हीही बोललो नाही. महिन्याला घरात पैसा येणार होता, त्याला नाही कशाला म्हणायचं?

दोन वर्षांनी मामंजी गेले. पावसाळ्याचे दिवस. सगळे पाहुणे जमले आणि लक्षात आलं की तिरडी बांधायला घरापुढे जागाच नाही. तीन फुटांच्या बोळीत ती वळेना. ज्या माणसाने ते अंगण आयुष्यभर राखलं, त्याला शेवटी डांबरी रस्त्यावर ठेवावं लागलं. दोन्ही बाजूंनी गाड्या चालल्या होत्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण दहावा झाल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "दादा, एक खोली पाड."

ती खोली पाडली. सहाच्या पाच झाल्या. एका खोलीचं भाडं गेलं ते गेलंच, ते काही परत आलं नाही, उगाच खोटं सांगणार नाही. पण घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं. आधीच आखलं असतं तर बांधायचा खर्चही वाचला असता आणि पाडायचाही. म्हणून आज एवढंच सांगायला आले आहे, की अंगण म्हणजे उरलेली जागा नव्हे. ती घरातली सगळ्यात मोठी खोली आहे, फक्त तिला छप्पर नाही. आणि घरातल्या बाकीच्या खोल्या आखतो तशी तीही आखावी लागते.

आपल्या भागात हे का झालं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९६२ साली एमआयडीसी निघाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागांत कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मग कारखाने तळवडे, चाकणकडे सरकले. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही एके काळची कांद्या-बटाट्याची गावं, आज तिथे मोटारी तयार होतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून माणसं आली. त्यांना राहायला जागा हवी होती आणि आपल्याकडे अंगण होतं. ज्याची जमीन गेली त्याला खोल्यांच्या भाड्याने तारलं, हे खरंच आहे. म्हणून खोल्या बांधू नका असं मी मुळीच म्हणत नाही. बांधा. पण आधी अंगण आखा, मग खोल्या बसवा. आपण उलटं करतो.

आता अंगणाचं काम काय ते बघू. एक दिवस वही घेऊन बसा आणि दिवसभरात घराबाहेर काय काय केलं ते नुसतं लिहा. सडा-रांगोळी. पाणी भरणं. धुणं धुणं, वाळत घालणं. भांडी. धान्य पाखडणं, निवडणं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट-मसाला. डबे करत असाल तर ढीगभर भाजी चिरणं. लेकरांचा खेळ, म्हाताऱ्या माणसांचं ऊन खाणं. संध्याकाळी शेजारणींशी दोन शब्द. बचत गटाची बैठक. घरात लग्न निघालं तर मांडव, हळद. आणि मघाशी सांगितलं ते, शेवटचा निरोपसुद्धा. यातलं किती काम पुरुष करतात आणि किती आपण? म्हणजे अंगण गेलं की कामाची जागा कुणाची गेली?

ही आजची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. कुडाच्या भिंती, चुली, धान्याची पेवं, आणि घरांपुढे मोकळी जागा. तेव्हाच्या बायकांनाही घराबाहेरची जागा लागत होती. आपल्याला लागणार नाही असं कसं होईल?

चला, आता आखायला बसू. कागद-पेन्सिल नसली तरी चालेल. आपल्याकडे रांगोळी आहे, चुन्याची फक्की आहे.

पहिलं काम, मोजमाप. शिलाईच्या टेपने मोजलं तरी चालतं, पण मोठा टेप गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणा. लांबी, रुंदी, दार कुठे, नळ कुठे, मोरीचं पाणी कुठून जातं, झाड कुठे, विजेचा खांब आणि तार कुठे, हे सगळं मांडा.

दुसरं काम, ऊन बघणं. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी चारला सावली कुठवर येते तिथे फक्कीची रेघ मारा. उन्हाची एक गंमत सांगते. आपल्या पुणे भागात मेच्या मध्यावर, साधारण १३-१४ तारखेला, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. थंडीत मात्र तो दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून घराच्या दक्षिण बाजूला पडवी काढली तर उन्हाळ्यात दुपारी तिथे सावली राहते आणि थंडीत ऊन आत येतं. म्हाताऱ्या माणसांना बसायला याहून चांगली जागा नाही. उन्हाळ्यात खरा त्रास देतं ते पश्चिमेचं ऊन, तीन ते सहाचं. सावली हवी ती पश्चिमेला. आषाढ-श्रावणातला पाऊसही बहुतेक पश्चिमेकडूनच झोडपतो. म्हणून चूल, सरपण, शिलाई मशीन पश्चिमेला उघड्यावर ठेवू नका.

तिसरं काम, पाणी बघणं. जोराचा पाऊस पडून गेला की अर्ध्या तासाने बाहेर या आणि डबकं कुठे साचलं ते बघा. तिथे खूण करा. त्या जागी ओटा नको, चूल नको. तिथून पाणी बाहेर काढायचं की मुरवायचं, हे आधी ठरवायचं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा घराची रुंदी १८ फूट आहे आणि घरापासून रस्त्यापर्यंत ३० फूट जागा आहे. म्हणजे ५४० चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याला थोडी कमी. अगदी मोठी नाही, अगदी लहानही नाही.

आधी वाट काढा. एका कडेने घराच्या दारापासून फाटकापर्यंत सरळ ४ फुटांची वाट. ती कायम मोकळी. तिथे गाडी नाही, सिलेंडर नाही, कुंडी नाही. चार फूट का? दोघी समोरासमोर आल्या तर सहज जाता यावं, आजारी माणसाला खाटेवरून नेता यावं, डोक्यावर हंडा असला तरी भिंतीला कोपर लागू नये. तीन फुटांत यातलं काही नीट होत नाही, हे आम्ही भोगलं आहे.

वाट सोडून रुंदीला १४ फूट उरले. घराला लागून ५ फुटांचा ओटा घ्या. ओट्याची उंची दीड फूट पुरे, म्हणजे पाय खाली सोडून बसता येतं आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला उठता येतं. फार उंच ओटा दिसतो छान, पण त्यावर चढायचं म्हणजे आजीबाईंना रोजची शिक्षा. एका टोकाला भिंतीत धरायला एक लोखंडी दांडा बसवून घ्या. पुढे उपयोगी पडेल, तुम्हालाही आणि मलाही.

ओट्यापुढे १२ फूट मोकळी जागा सोडा. १४ गुणिले १२, म्हणजे १६८ चौरस फूट. इथे काहीच बांधायचं नाही. गवंडी म्हणेल, ताई, इथे एक खोली सहज निघते. म्हणू द्या. हीच अंगणातली सगळ्यात कामाची जागा आहे. सकाळी इथे धान्य, दुपारी वाळवण, संध्याकाळी लेकरं, रात्री बाज. पंधरा बायकांचा बचत गट इथे आरामात बसतो. उचलती चूल असेल तर पुरणपोळ्यांच्या दिवशी इथेच मांडता येते. घरातल्या खोलीत एक पलंग टाकला की ती खोली पलंगाचीच होते. ही मोकळी जागा दिवसातून पाच वेळा वेगळी होते. म्हणून ती रिकामी वाटत असली तरी रिकामी नाही, हे घरातल्या माणसांना पटवावं लागेल. पटवा.

त्याच्या पुढच्या ६ फुटांच्या पट्ट्यात धुण्याची जागा आणि परसबाग घ्या. ६ बाय ६ ची धुण्याची जागा आणि तिच्या शेजारी ८ बाय ६ चे वाफे. धुण्याचा दगड जमिनीवर न ठेवता अडीच फुटांच्या कट्ट्यावर ठेवून बघा, उभ्याने धुता येतं. आयुष्यभर वाकून धुणाऱ्या कंबरेला त्याची किंमत कळते. दोरीची जागाही आत्ताच ठरवा. ऊन असेल तिथे आणि वाटेच्या आडवी येणार नाही अशी.

शेवटचे ७ फूट फाटकापाशी उरतात. त्यात एका बाजूला दुचाकी, दुसऱ्या बाजूला एक झाड. ५ आणि १२, १७. आणि ६, २३. आणि ७, झाले ३० फूट. बसलं की नाही बरोबर? तुमची जागा यापेक्षा लहान असेल तर ओटा कमी करा, बाग कमी करा, दुचाकी एकच ठेवा. पण वाट आणि मधली मोकळी जागा शेवटी कमी करा.

आता पाण्याचं. अंगणाला उतार हवा, तोही घरापासून बाहेरच्या दिशेने. दर ४ फुटांना १ इंच धरा. ३० फुटांना साडेसात इंच होतात. डोळ्यांना हा उतार दिसत नाही, पण पाण्याला दिसतो. गवंड्याला पाण्याची नळी लावून दाखवायला सांगा. "होईल ताई, अंदाजाने करतो," असं म्हणाला तर ऐकू नका.

छपराचं पाणी पन्हाळ लावून धरता येतं. साधा हिशोब आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २० बाय २५ फुटांचं छप्पर म्हणजे ५०० चौरस फूट, साधारण ४६ चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटरची एक सर आली की साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी. थोडं वाया गेलं तरी दोनशे लिटरचे दोन पिंप भरतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात असते. पुढचं पाणी धुण्याला, बागेला, फरशी पुसायला. पिंपावर झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डेंगीचे डास आपणच पाळल्यासारखं होईल.

धुण्याचं सांडपाणी रस्त्यावर सोडलं की शेजाऱ्यांशी भांडण आणि डास, दोन्ही फुकट. त्यासाठी शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने असे खड्डे घरोघर केले आणि मग ते काम जिल्ह्याबाहेरही पोचलं. रीत सोपी आहे. ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल खड्डा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची लहान टाकी, तिच्याभोवती दगड, वर झाकण. पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून दगडांत जाऊन मुरतं. पाणी टाकीत जाण्याआधी जाळी लावा, म्हणजे खरकटं आणि केस अडतील. खड्डा भिंतीच्या पायापासून ८-१० फूट लांब ठेवा, आपल्याही आणि शेजाऱ्याच्याही. विहीर किंवा बोअरपासून निदान ५० फूट. मुरमाड जमिनीत पाणी पटकन मुरतं, काळ्या चिकण मातीत मुरत नाही, तिथे आधी बादलीभर पाणी ओतून तपासा. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, त्याची सोय वेगळी. शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीतून होऊ शकतं, ग्रामपंचायतीत विचारा.

बागेत काय लावायचं? साबणाचं पाणी थेट पालेभाजीला नको. त्या पाण्यावर केळ, कर्दळ चालतात. मेथी, पालक, कोथिंबीर यांना साधं पाणी. दोन मिरच्या, चार वांगी, एक टोमॅटोची ओळ, कढीपत्ता. उमेद अभियानाच्या ताईंनी पोषण परसबागेचं सांगितलं असेलच, त्यांच्याकडून बी आणि सल्ला दोन्ही घ्या. जागा कमी असेल तर वर चढवा. पश्चिमेला चार बांबू आणि जुनी तार लावून मांडव करा. घोसाळी, दोडका, कारली जानेवारी-फेब्रुवारीत लावली, तर मेच्या उन्हात पश्चिमेला हिरवी सावली मिळते आणि वर भाजी मिळते ती वेगळी. पत्र्याच्या घराला तर याचा फार उपयोग.

झाड लावताना एवढं बघा. वड, पिंपळ, उंबर घराच्या भिंतीजवळ कधी नको, मुळं पायात शिरतात. शेवगा चांगला, पण फांदी ठिसूळ, ती पत्र्यावर किंवा विजेच्या तारेवर येईल असा लावू नका. लहान अंगणाला पेरू, लिंबू, सीताफळ ही झाडं बरी. कडुनिंबाला जागा मोठी लागते, पण जागा असेल तर त्याच्यासारखी सावली नाही.

आणि जमीन? हल्ली पैसे आले की सगळ्या अंगणाला कोबा करून टाकतात. स्वच्छ दिसतं, चिखल होत नाही. पण पाणी मुरत नाही, दिवसभर तापलेला कोबा रात्रीही गरम राहतो, आणि पाऊस आला की सगळं पाणी एकदम रस्त्यावर जातं. जिथे गरज तिथेच पक्कं करा. धुण्याच्या जागेला कोबा. वाटेला फरशी किंवा पेव्हर ब्लॉक, खाली खडी-वाळू, म्हणजे फटींतून पाणी मुरतं. मधल्या जागेला मुरूम चोपून वर सारवण, किंवा तेही जमत नसेल तर खडबडीत शहाबादी. झाडाच्या बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी राहू द्या, त्यालाही पाणी प्यायचं असतं.

आता भाड्याच्या खोल्यांचं. आपण त्यांना भाडेकरू म्हणतो, पण त्यांच्यातही तुमच्या-माझ्यासारख्या बायका आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत नवरा, दोन लेकरं, गॅस, कपडे, सगळं. तिची सासू गावाला, माहेर लांब. तिलाही धुणं वाळत घालायला दोरी हवी, लेकरू सोडायला चार पावलं जागा हवी. खोल्यांच्या दोन ओळींमधे निदान ८-१० फूट सोडा. दारं अगदी समोरासमोर काढू नका, म्हणजे एकीच्या घरातलं दुसरीला दिसणार नाही. संडास-न्हाणी अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलू नका. कंपनीची बस रात्री उशिरा सोडते तेव्हा त्या बाईला फाटकापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून संडासापर्यंत उजेड हवा. दोन एलईडी दिव्यांचं बिल ते कितीसं येणार? आणि रात्रपाळीची पोरं दिवसा झोपतात, म्हणून कुटायची-धुवायची जागा त्यांच्या खिडकीखाली नको. हे त्यांच्यावर उपकार नाहीत. आमच्याकडे एक खोली पाडून मोकळी जागा झाल्यापासून कुटुंबवाले भाडेकरू टिकून राहतात. खोल्या सारख्या रिकाम्या होत नाहीत.

बांधकामाआधी परवानगीचंही बघा. २०१५ पासून आपल्या भागात पीएमआरडीए आहे, आणि २०२० पासून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आहे. घराभोवती किती जागा सोडायची ते त्यात ठरलेलं आहे. आपलं गाव कुणाच्या हद्दीत येतं, महापालिकेच्या, पीएमआरडीएच्या की एमआयडीसीच्या, हे आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. नंतर पाडायची वेळ आली तर पैसा आपलाच जातो.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. हे सगळं आखलं, रांगोळीने काढलं, आणि घरात कुणी म्हणालं, "तुला काय कळतंय, जागा माझ्या नावावर आहे," तर?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याच मातीतून आधी विचारला गेला आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला शरद जोशी राहायला आले, इथे कांद्याचं आंदोलन उभं राहिलं, शेतकरी संघटना निघाली. त्याच संघटनेने १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' चा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. पुष्कळ गावांतल्या शेतकऱ्यांनी तो केलाही. मग २००३ साली राज्य सरकारने सांगितलं की ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करावी. 'घर दोघांचं' असं आपण म्हणतो ते हेच.

तुमच्या घराचा नमुना ८ चा उतारा कधी पाहिला आहे का? घरपट्टी भरता, तो कागद. त्यावर तुमचं नाव आहे का, ते या आठवड्यात बघा. नसेल तर नवऱ्याला भांडून नाही, जवळ बसून सांगा. दोघांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या. अर्जाची पोच घ्या. नमुना ८ ची नोंद म्हणजे सगळी मालकी नव्हे, तो मुळात कर आकारणीचा कागद आहे, हेही ध्यानात ठेवा. पण त्यावर नाव असलं की "तुला काय कळतंय" हे वाक्य घरात जरा कमी ऐकू येतं.

आता तुम्हाला घरचा अभ्यास. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास काढा. एकीच्या अंगणात जमा आणि तिच्या अंगणाचा नकाशा तिथेच फक्कीने काढा. ऊन कुठून, पाणी कुठे, वाट किती, मोकळी जागा किती. पुढच्या महिन्यात दुसरीच्या अंगणात. बारा जणींचा गट असेल तर वर्षभरात बारा अंगणं होतील. जिच्याकडे अजून खोल्या झाल्या नाहीत तिच्यापासून सुरुवात करा, कारण तिची जागा अजून हातात आहे. आणि जिच्याकडे झाल्या आहेत तिने निराश होऊ नये. बोळीतलं सामान हलवा, एक दिवा लावा, एक दोरी बांधा, एक वेल चढवा. तेवढ्यानेही फरक पडतो.

आमच्या सासूबाई आता थकल्या आहेत. सकाळी आठला ऊन आलं की ओट्यावर येऊन बसतात. पाडलेल्या खोलीच्या जागी भाडेकरूंची लेकरं खेळत असतात. एकाची बोली त्यांना कळत नाही, त्यांची त्याला कळत नाही, पण दोघांचं छान चाललेलं असतं. मागच्या दिवाळीत तिथे मी रांगोळी काढली, आणि शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या बाईने तिच्या पद्धतीची काढली. पाहुणे विचारत होते, ही दुसरी कुणाची? मी म्हटलं, आमच्याच अंगणातली आहे.

तर मैत्रिणींनो, गवंड्याने दोरी धरायच्या आधी तुम्ही रांगोळी धरा. आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.